विद्युत्‌घटाचे गणित आणि सोडवून दाखविलेले उदाहरण

विज्ञानाचा इतिहास लिहिताना सामान्यतः दोन गोष्टींची नोंद घेतली जाते : सिद्धान्तांची आणि उपकरणांची. कोणत्या वर्षी कोणते समीकरण मांडले गेले आणि कोणते यंत्र प्रथम कोठे चालले, हे इतिहासकार काळजीपूर्वक टिपतो. परंतु कागदावरचा सिद्धान्त दुसऱ्याच्या हाती उपयोगास कसा आला, अथवा एकाचे यंत्र न पाहताच दुसऱ्याने ते कसे उभारले, या प्रश्नाकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. ही दोन टोके जोडणारा दुवा बहुधा एका साध्या, निरलंकृत लेखनाचा असतो. अमुक घ्यावे, अमुक करावे, मग अमुक दिसेल, असे सांगणारे आणि आरंभापासून शेवटपर्यंत सोडवून दाखविलेले उदाहरण हे ते लेखन होय. नव्या शोधाला मिळणारा मान त्याला मिळत नाही. आणि म्हणूनच त्याचा इतिहासही बहुधा लिहिला जात नाही.

विद्युत्‌घट, म्हणजे नित्य व्यवहारात जिला बॅटरी म्हणतात ती, आणि तिची गणिती प्रतिमाने यांचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्यातील तीन टप्प्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे : १८०० मधील व्होल्टाचे पत्र, १९६० नंतरचे बर्कली येथील कार्य, आणि अलीकडील काळातील ‘पायबॅम’ या मुक्तस्रोत आज्ञावलीतील पाठ-उदाहरणे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे सांगता येईल. समीकरण छापले गेल्याने प्रतिमान सार्वजनिक होत नाही. आज्ञावली खुली केल्यानेही ते पुरतेपणी होत नाही. अनोळखी वाचकाला ते स्वतः चालवून त्याचे उत्तर तपासता येईल असे उदाहरण सोबत दिले, म्हणजेच ते खऱ्या अर्थाने सर्वांचे होते.

१. व्होल्टाचे पत्र

आलेस्सांद्रो व्होल्टा याने २० मार्च १८०० रोजी कोमो येथून लंडनच्या रॉयल सोसायटीचा अध्यक्ष जोसेफ बँक्स यास एक पत्र लिहिले. पत्र फ्रेंच भाषेत होते. रुप्याची व जस्ताची चकती एकावर एक ठेवावी, तीवर मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, आणि याच क्रमाने थर रचीत जावे, म्हणजे त्या राशीच्या दोन्ही टोकांना स्पर्श करणाऱ्यास विजेचा झटका बसतो, असे त्यात सविस्तर सांगितले होते. चकत्या केवढ्या घ्याव्यात, रुप्याऐवजी तांबे आणि जस्ताऐवजी कथील चालेल काय, थर किती रचावेत, या सर्व गोष्टींचा उलगडा त्यात होता. पेल्यांच्या मालेची दुसरी रचनाही त्याने वर्णिली होती.

या पत्राचा पुढील प्रवास ध्यानात घेण्यासारखा आहे. ते सोसायटीपुढे २६ जून रोजी वाचले गेले; परंतु बँक्सने त्यातील मजकूर त्यापूर्वीच काही परिचितांना दाखविला होता. त्यांपैकी अँथनी कार्लाइल या शस्त्रवैद्याने एप्रिल संपण्याच्या सुमारास अर्ध्या क्राउनची सतरा रुप्याची नाणी, तितकेच जस्ताचे तुकडे आणि खाऱ्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा एवढ्या सामग्रीवर राशी उभी केली. २ मे १८०० रोजी त्याने व विल्यम निकल्सन याने तिच्या साहाय्याने पाण्याचे विघटन घडवून आणले. म्हणजे मूळ लेख छापून येण्याच्या आधीच त्याच्या आधारे एक नवा शोध लागलेला होता.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. निरनिराळ्या धातूंच्या केवळ परस्परस्पर्शातून वीज उत्पन्न होते, अशी व्होल्टाची उपपत्ती होती. ती पुढे दीर्घकाळ वादग्रस्त राहिली. विजेचे मूळ रासायनिक क्रियेत आहे, हे मत शेवटी मान्य झाले. परंतु उपपत्ती सदोष असूनही पत्रातील कृती लंडनमध्ये यशस्वी झाली. उपपत्ती पटली नाही तरी वाचकाला राशी उभारता येत होती; आणि ती उभारल्यामुळेच उपपत्तीवर आक्षेप घेणेही त्याला शक्य होत होते. सोडवून दाखविलेल्या उदाहरणाचे सामर्थ्य ते हेच. ते वाचकाला लेखकाचा अनुयायी करीत नाही. लेखकाची परीक्षा घेण्याचे साधन त्याच्या हाती देते.

२. समीकरणापासून आज्ञावलीपर्यंत

एकोणिसाव्या शतकात विद्युत्‌घटांचे प्रकार वाढत गेले. डॅनियलचा घट १८३६ मध्ये, प्लाँतेचा शिशाचा संचायक १८५९ मध्ये आणि लक्लांशेचा घट १८६६ मध्ये पुढे आला. सिद्धान्ताच्या बाजूने नेर्न्स्टचे समीकरण १८८९ मध्ये आले. तथापि घटाच्या अंतरंगात वीज वाहत असताना प्रत्येक स्थळी काय घडते, याचे गणित मांडणे दीर्घकाळ दुष्कर राहिले. याचे कारण असे की, व्यवहारातील विद्युदग्र हा धातूचा सपाट पत्रा नसतो. तो असंख्य सूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर असतो, आणि त्याच्या छिद्रांतून विद्युत् विच्छेद्य द्रव भरलेला असतो. रासायनिक क्रिया या थराच्या सर्व खोलीत, परंतु कमीअधिक वेगाने, चालते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत जॉन न्यूमन व चार्ल्स टोबायस यांनी १९६२ मध्ये सच्छिद्र विद्युदग्रांतील प्रवाहाच्या वाटणीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रत्येक कणाचा व छिद्राचा निराळा हिशेब ठेवण्याऐवजी, घन व द्रव हे दोन्ही पदार्थ प्रत्येक बिंदूवर एकत्र नांदतात असे मानून सरासरी राशींची समीकरणे लिहावयाची, ही त्यातील मूलभूत कल्पना होय. न्यूमन व विल्यम टीडमन यांच्या १९७५ मधील लेखात हा सिद्धान्त विद्युत्‌घटांना लागू करून व्यवस्थितपणे मांडलेला आढळतो. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये बाजारात आल्यानंतर १९९३ मध्ये मार्क डॉयल, टॉमस फुलर व न्यूमन यांनी जे प्रतिमान प्रसिद्ध केले, ते आजही या क्षेत्राचा पाया समजले जाते. त्यात घटाच्या जाडीच्या दिशेने एक परिमाण घेतले जाते. विद्युदग्राच्या प्रत्येक बिंदूवर एक प्रातिनिधिक गोलाकार कण कल्पून त्याच्या त्रिज्येच्या दिशेने दुसरे परिमाण घेतले जाते. म्हणून त्यास छद्म-द्विमितीय प्रतिमान असेही म्हणतात.

अशी समीकरणे हाताने सुटत नाहीत; त्यांना संगणक लागतो. या गोष्टीची जाणीव बर्कलीच्या संप्रदायात आरंभापासून होती. परस्परांत गुंतलेली विकलक समीकरणे सोडविण्याची आपली रीत न्यूमनने १९६८ मध्ये स्वतंत्र लेखात सांगितली, आणि १९७३ च्या आपल्या पाठ्यग्रंथात तिची फोर्ट्रान भाषेतील आज्ञावली परिशिष्टात छापली. पुढे ‘ड्युअलफॉइल’ ही लिथियम घटाची आज्ञावली त्याच्या संशोधकगटाने सर्वांना उपलब्ध करून दिली. ‘मुक्तस्रोत’ ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ होऊ लागली, ही गोष्ट लक्षात घेता या औदार्याचे महत्त्व अधिकच जाणवते.

तरीही आज्ञावली हाती येणे निराळे आणि ती वापरता येणे निराळे. वर वर्णिलेल्या प्रतिमानास तीसहून अधिक राशींची मूल्ये पुरवावी लागतात : थरांची जाडी, कणांची त्रिज्या, सच्छिद्रता, वाहकता, विसरणाचे गुणांक, क्रियेचा वेग इत्यादी. ड्युअलफॉइलमध्ये ही मूल्ये एका फाइलीत ठराविक क्रमाने लिहावी लागत. जो त्या प्रयोगशाळेत वावरला, त्याला शंका आली तर शेजारी विचारता येत असे. दूरच्या विद्यापीठातील एकट्या विद्यार्थ्याला ती सोय नव्हती. छापील लेखावरून समीकरणे नव्याने लिहून काढणे हा दुसरा मार्ग होता. परंतु त्यात एखादे चिन्ह चुकले तरी उत्तर वरवर विश्वसनीय दिसते, आणि चूक समीकरणात आहे, अंकांत आहे की सोडविण्याच्या रीतीत आहे, हे कळण्यास मार्ग राहत नाही. इटली, कॅनडा व अमेरिका येथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘लायनसिंबा’ ही आज्ञावली या अडचणीवरील एक उत्तर होते. मात्र ती मॅटलॅब या विकत घ्याव्या लागणाऱ्या प्रणालीवर आधारलेली होती.

३. वहीचे स्वरूप

याच सुमारास, विद्युत्‌रसायनाशी काहीही संबंध नसलेल्या दिशेने, उदाहरणलेखनाचे एक नवे साधन तयार होत होते. संगणकाची आज्ञावली ही मुख्यतः माणसाने वाचण्यासाठी लिहावी, हा विचार डोनाल्ड नुथ याने १९८४ मध्ये आग्रहाने मांडला होता. फर्नांडो पेरेस याने २००१ मध्ये आरंभिलेल्या आयपायथन या प्रकल्पातून २०११ मध्ये ‘नोटबुक’, म्हणजे संगणकीय वही, निर्माण झाली; २०१४ पासून ती ‘ज्युपिटर’ या नावाने ओळखली जाते. या वहीत गद्य विवेचन, गणिती सूत्रे, चालविता येण्याजोग्या आज्ञा आणि त्यांतून निघालेले आलेख एकाखाली एक येतात. वाचकाने एखादा अंक बदलून ती आज्ञा पुन्हा चालविली की त्याखालचे उत्तरही बदलते. व्होल्टाच्या पत्राचा वाचक नाणी व पुठ्ठा गोळा करीपर्यंत कागदावरच अडकलेला होता. येथे वाचन आणि प्रयोग यांतील ते अंतर जवळजवळ नाहीसे झाले.

पायबॅम या आज्ञावलीचा प्रकल्प या साधनांच्या आधारे उभा राहिला. तिच्या नावाचा विस्तार ‘पायथन बॅटरी मॅथेमॅटिकल मॉडेलिंग’ असा आहे. व्हॅलेंटिन सुल्झर, स्कॉट मार्क्विस, रॉबर्ट टिम्स, मार्टिन रॉबिन्सन आणि जॉन चॅपमन यांनी तिचे वर्णन करणारा लेख २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. तिचा आरंभ ऑक्सफर्ड येथील गणितज्ञांच्या कार्यात असून ब्रिटनमध्ये २०१७ साली स्थापन झालेल्या फॅरडे इन्स्टिट्यूशनचे साहाय्य तिला लाभले. तिचा परवाना उदार आहे : मूळ हक्कसूचना कायम ठेवून कोणीही ती वापरावी, बदलावी व वाटावी.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या आज्ञावलीसोबत दिलेली पाठमाला महत्त्वाची आहे. पहिल्या पाठात प्रतिमान निवडणे, त्याचा प्रयोग रचणे आणि तो सोडविणे एवढ्या तीनच पायऱ्या आहेत. डॉयल, फुलर व न्यूमन यांचे प्रतिमान ३६०० सेकंदांसाठी चालवून दाखविले आहे. १९९३ मध्ये ज्यासाठी एका संशोधकगटाचे परिश्रम लागले, ते येथे मोजक्या ओळींत वाचकापुढे येते. दुसऱ्या पाठात तेच प्रतिमान आणि त्याची दोन संक्षिप्त रूपे शेजारी ठेवून तुलना केली आहे. प्रत्येक विद्युदग्राऐवजी एकच कण मानणारे रूप हे त्यांतील सर्वांत साधे होय. चौथा पाठ राशींची मूल्ये कशी बदलावी हे सांगतो. पाचव्या पाठात प्रयोगशाळेतील कार्यक्रम जवळजवळ बोलीभाषेतील वाक्यांनी लिहिला आहे : दहा तासांत घट रिता होईल अशा गतीने दहा तास अथवा ३.३ व्होल्टपर्यंत विसर्जन, एक तास विश्रांती, ४.१ व्होल्टपर्यंत एक अँपिअरने भरण. प्रवाह ५० मिलिअँपिअरवर येईपर्यंत तोच दाब कायम. पुन्हा एक तास विश्रांती. आणि हे सर्व तीन वेळा. ज्याने प्रयोगशाळेत घटाची चाचणी घेतली आहे पण विकलक समीकरणे सोडविलेली नाहीत, त्यालाही हा पाठ आपल्या भाषेतला वाटतो.

४. उदाहरण देण्याची रीत व तिची परीक्षा

असे नवे उदाहरण बाहेरील व्यक्तीलाही अर्पण करता येते. प्रथम मूळ संग्रहाची स्वतःची प्रत घ्यावयाची, तिच्यात वही लिहावयाची, आणि मग ती मूळ संग्रहात सामील करून घ्यावी अशी विनंती करावयाची, असा क्रम आहे. प्रकल्पाचे व्यवस्थापक ती वाचतात, प्रश्न विचारतात, दुरुस्त्या सुचवितात. त्यानंतरच स्वीकार होतो. विद्वत्पत्रिकेतील परीक्षणाशी या रीतीचे साम्य उघड आहे. मात्र तिच्यात एक विशेष आहे, तो पत्रिकेत आढळत नाही. मूळ आज्ञावलीत बदल सुचविला गेला की संग्रहातील वह्या यंत्राकडून नव्याने चालवून पाहिल्या जातात. एखादी वही मध्येच अडली तर तो बदल तसाच स्वीकारला जात नाही. एक तर बदल सुधारावा लागतो किंवा उदाहरण. छापील ग्रंथातील उदाहरण जुने झाले तरी ते तसेच राहते आणि त्याचा दोष पुढील वाचकाच्या माथी येतो. येथे उदाहरण निकामी झाले की ते स्वतःच तसे सांगते. एवंच, वही ही एकाच वेळी पाठही असते आणि कसोटीही असते.

परंतु या व्यवस्थेची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. यंत्र तपासते ते आज्ञा चालतात की नाही एवढेच. भोवतालचे गद्य खरे आहे की नाही, हे ते तपासू शकत नाही. ‘या आलेखात दाब प्रथम झपाट्याने उतरतो’ असे वाक्य वहीत लिहिलेले असावे आणि पुढे एखाद्या राशीचे मूळ मूल्य बदलल्यामुळे आलेखाचा आकार पालटावा, तर आज्ञा बिनतक्रार चालतील आणि वाक्य मात्र असत्य होऊन बसेल. गद्याची जबाबदारी शेवटी मनुष्यावरच राहते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पहिले उदाहरण ज्या अंकांवर सोडविलेले असते, ते अंक नकळत प्रमाण होऊन बसतात. पायबॅमच्या पाठांत वापरलेला एक मूल्यसंच २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीवरून घेतलेला आहे. त्यासाठी एलजी कंपनीचा ‘एम ५०’ हा पाच अँपिअर-तासांचा वर्तुळाकार नळीसारखा घट उघडून त्याच्या घटकांची मापे घेण्यात आली होती. ही मोजणी मोलाची आहे, याविषयी शंका नाही. तथापि ती एका विशिष्ट घटाची आहे. त्याच्या ऋण विद्युदग्रात ग्रॅफाइटसह सिलिकॉनचे संयुग असते आणि धन विद्युदग्रात निकेलचे प्रमाण मोठे असते. निराळ्या रसायनाच्या घटास ते अंक लागू पडत नाहीत. वहीतील उत्तर सुबक आलेखाच्या रूपाने समोर आले की विद्यार्थ्याला ते निसर्गाचेच उत्तर वाटू लागते. वस्तुतः ते एका गृहीतकाचे उत्तर असते. हाच न्याय संक्षिप्त प्रतिमानांसही लागू आहे. एककण प्रतिमान मंद प्रवाहात समाधानकारक उत्तरे देते. प्रवाह वाढविला की द्रवातील सांद्रतेचा जो फरक त्याने गृहीत धरलेला नसतो, तोच निर्णायक ठरू लागतो. म्हणून उत्तम उदाहरण कोणते, या प्रश्नाचे उत्तर ‘जे चालते ते’ असे देऊन भागत नाही. आपले प्रतिमान कोठे चालेनासे होते हेही जे चालवून दाखविते, ते उत्तम. दुसऱ्या पाठातील तुलनेचे मोल या कारणास्तव पहिल्या पाठाहून अधिक मानावे लागेल.

५. श्रेयाचा प्रश्न आणि इतिहासाचे साधन

उदाहरण लिहिणाऱ्यास श्रेय कोणते, हा प्रश्न आता उरतो. पायबॅमच्या वह्यांच्या शेवटी, त्या वहीत ज्या लेखांचा व गणनसाधनांचा उपयोग झाला त्यांची यादी आपोआप छापण्याची सोय आहे. प्रतिमान मांडणारा, मूल्ये मोजणारा आणि समीकरणे सोडविण्याचे साधन घडविणारा, अशा सर्वांचा निर्देश त्या यादीत होतो. ऋणनिर्देशाचे हे कर्तव्य यंत्राकडे सोपविणे ही स्तुत्य गोष्ट होय. परंतु ज्याने ती वही लिहिली, त्याचे नाव त्या यादीत येत नाही. विद्यापीठीय व्यवहारात लेखांची गणना होते, पाठांची होत नाही. ही जुनी विषमता नव्या साधनातही टिकून राहिली आहे. तिच्यावर अंशतः उतारा म्हणून प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर सर्व सहभागी व्यक्तींची सारणी ठेवलेली असते, आणि कोणी आज्ञा लिहिल्या, कोणी विवरण लिहिले, कोणी उदाहरणे दिली, हे निरनिराळ्या चिन्हांनी दर्शविले जाते.

इतिहासकाराला याहूनही मोलाची वस्तू अन्यत्र सापडते. लिनस टॉरवल्ड्स याने २००५ मध्ये निर्माण केलेल्या ‘गिट’ या प्रणालीत प्रत्येक बदल, त्याची तारीख आणि कर्त्याचे नाव यांसह जतन केला जातो. अनेक प्रकल्पांत बदलाविषयी झालेली चर्चाही राखून ठेवलेली असते. १८०० मध्ये बँक्सने व्होल्टाचे पत्र कोणाकोणाला दाखविले आणि ते वाचताना कोणाला कोणती अडचण आली, हे आज तुटपुंज्या पुराव्यावरून जुळवावे लागते. उलट एखाद्या वहीतील कोणते वाक्य कोणाला दुर्बोध वाटले, कोणत्या आक्षेपामुळे ते बदलले, आणि कोणती दुरुस्ती नाकारली गेली, याचा दिनांकवार पुरावा येथे सिद्ध असतो. ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात जाताना काय गळते आणि काय भर पडते, हे इतक्या निकटून पाहण्याची संधी विज्ञानेतिहासाच्या अभ्यासकास पूर्वी क्वचितच मिळाली असेल. अशा नोंदी वाचण्याची पद्धती अद्याप घडावयाची आहे. पदव्युत्तर संशोधनास हे क्षेत्र मोकळे आहे.

समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. व्होल्टाची उपपत्ती मागे पडली, त्याची कृती टिकली. बर्कलीची समीकरणे टिकली. परंतु आज्ञावली खुली असूनही ती वापरण्याचे ज्ञान पुष्कळसे माणसांच्या सहवासात राहिले. पायबॅमच्या पाठांनी ते ज्ञान सहवासाबाहेर आणले, त्याला कसोटीची जोड दिली, आणि त्याबरोबर प्रमाण बनून बसलेल्या अंकांचा नवा धोकाही निर्माण केला. या धोक्यावर उपाय तोच, जो प्रत्येक पिढीच्या विद्यार्थ्याने केला पाहिजे : उदाहरण जसेच्या तसे चालवून पाहावे, मग त्यातील एक एक अंक बदलावा, ते कोठे मोडते हे शोधावे, आणि जे आढळेल ते नव्या उदाहरणाच्या रूपाने मागून येणाऱ्यासाठी लिहून ठेवावे. परवान्याची उदारता लक्षात घेता हे लेखन मराठीत करण्यासही कोणाची अनुज्ञा मागावी लागत नाही. सूत्रे व आज्ञा आहेत तशा ठेवून त्यांभोवतीचे गद्य तेवढे आपल्या भाषेत लिहावयाचे आहे. आणि यंत्र ज्या भागाची परीक्षा घेऊ शकत नाही, तो भाग नेमका हाच आहे.